गाभा खाली आणायचा नाही

निवृत्त व्हायला दीड दिवस उरला होता आणि गुरुवारी सकाळी दहाला यंत्राने पुन्हा घंटी वाजवली. सानिका गुरव चहाचा कप तोंडाला लावणार होती. तिने तो तसाच खाली ठेवला, घाबरून नव्हे, कंटाळून. एकोणीस वर्षांत ही घंटी तेवीस वेळा वाजली होती आणि तेवीसही वेळा तिचा चहा गार झाला होता.

"बघ रे सोहम, काय म्हणतंय ते."

सोहम मोंडकर तिचा पहाऱ्यातला जोडीदार. पन्नाशीला आलेला, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेला. त्याने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि पडद्याकडे पाहिलं. "दुसरा गाभा, ताई. भंगाराचा तुकडा येतोय. उद्या सकाळी अकरा वीस."

"आणखी एक दिवस थांबता आलं नसतं त्याला," सानिका म्हणाली.

तिच्या शाळेत एकेका वर्गात तीन-तीन सानिका असायच्या. आता त्या सगळ्या साठीला आल्या, गुडघ्यावर हात ठेवून जिने चढायला लागल्या. ही सानिका गेली एकोणीस वर्षं निवेखोलच्या सड्यावर होती. खाली गाव, आंब्या-काजूच्या बागा, पलीकडे खाडी, आणि वर हा काळा उघडा कातळ. त्यावर आकाशाकडे तोंड केलेली एक मोठी तबकडी, दोन खोल्या आणि एक माडाचं झाड. तो माड कुणी आणि का लावला हे कुणालाच ठाऊक नव्हतं. या जागेचं सरकारी नाव होतं गाभा-पहारा केंद्र. गावातले लोक मात्र नुसतं 'तबकडी' म्हणत.

पहारा कशाचा, ते सांगायला हवं. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी ढगांच्या आरपार समुद्र पाहणारे तीन उपग्रह वर सोडले होते. ढगांतून पाहायचं तर रडार हवं, रडारला वीज हवी भरपूर, आणि नीट दिसायचं तर पृथ्वीच्या जवळून फिरायला हवं. सौर तावदानं तेवढी मोठी केली तर तिथल्या विरळ हवेतसुद्धा ती अडतात आणि उपग्रह हळूहळू खाली घसरतो. म्हणून त्यांच्या पोटात एकेक अणुभट्टी बसवली, फार मोठी नव्हे, पाण्याच्या बादलीएवढी. कामही चोख झालं. वादळं आधी कळली, होड्या वेळेवर परतल्या, आणि लोक त्या उपग्रहांना विसरूनही गेले. चांगल्या चाललेल्या गोष्टीचं तसंच होतं.

भट्टी विझली तरी तिची राख विझत नाही, इथेच खरं घोडं अडतं. न वापरलेलं युरेनियम बरंचसं गरीब असतं. पण एकदा भट्टी पेटली की आत जे स्ट्रॉन्शियम, सीझियम तयार होतं ते जहाल. त्याचा जोर तीस वर्षांत निम्मा होतो, पुढच्या तिसांत त्याच्या निम्मा, असं करत करत तीनशे वर्षांनी हजारावा हिस्सा उरतो. म्हणून काम संपल्यावर उपग्रहाचा बाकी सांगाडा जाळून टाकायचा आणि भट्टीचा गाभा तेवढा साडेनऊशे किलोमीटर उंचीवर नेऊन ठेवायचा. तिथे हवा जवळजवळ नाहीच. आपसूक खाली यायला त्याला हजार वर्षं लागतील, तोवर त्याचं विष कधीच उतरलेलं असेल. फक्त मधल्या काळात त्याला कुणी धडकता कामा नये. धडकलं तर तुकडे होतील, आणि त्यातले काही हजार वर्षं थांबणार नाहीत, पाच-दहा वर्षांतच येतील खाली, कुणाच्याही शेतात.

म्हणून प्रत्येक गाभ्याला नायट्रोजनची एक टाकी जोडलेली होती. काही अंगावर येत असेल तर फुस्स करून थोडा वायू सोडायचा आणि गाभा बाजूला सरकवायचा. हा हुकूम द्यायला दोन माणसं लागत. एकाने आकडे वाचायचे, दुसऱ्याने ते परत म्हणायचे, मग दोघांनी आपापली किल्ली फिरवायची. आणि पहारेप्रमुखाने कायम तबकडीपासून वीस मिनिटांच्या आत राहायचं. नियम एका ओळीचा होता, पण त्या ओळीत सानिकाचा अख्खा संसार खर्ची पडला होता.

नवरा बदली होऊन नागपूरला गेला तेव्हा मुलीला, इराला, घेऊन गेला. वर्षादोनवर्षांत तूही येशील असं ठरलं होतं. दर वर्षी तिच्या जागेवर यायला कुणी तयार नसायचं. तो वारला तेव्हासुद्धा घंटी वाजलेली होती. सानिका नागपूरला पोचली ती दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळं उरकल्यावर. इरा तेव्हा काहीच बोलली नव्हती. बोलली असती तर बरं झालं असतं, असं सानिकाला पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं.

आता इरा सात महिन्यांची गरोदर होती आणि आईला न्यायला स्वतः येत होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण इराने ते आधीच मोडीत काढलं होतं. "तू मला अर्ध्या कळांत सोडून सड्यावर जाशील," ती फोनवर म्हणाली होती. "त्यापेक्षा तूच नागपूरला ये. शुक्रवारी दुपारी निघू. येशील ना?" आणि सानिकाने शब्द दिला होता.

"ताई," सोहम म्हणाला, "यंत्र दोन पर्याय देतंय. नेहमीसारखं थोडं वर. नाहीतर खाली."

"मग वर," सानिका सवयीने म्हणाली. आणि थांबली. "किती वर गेलाय रे तो आत्तापर्यंत?"

सोहमने आकडे काढले. गाभा ठेवला तेव्हा नऊशे सेहेचाळीस किलोमीटरवर होता. आता नऊशे साठला. चौदा वर्षांपूर्वी वरच्या अंगाला दोन मेलेले उपग्रह एकमेकांवर आपटले होते आणि त्यांच्या भंगाराचा एक पट्टाच तिथे तयार झाला होता. त्याचा खालचा काठ होता नऊशे अठ्ठावन्नवर.

सानिकाने जुन्या नोंदींची वही उघडली. पहिली आठ वर्षं घंटी चारदा वाजली होती. मागच्या तीन वर्षांत नऊदा. दोघं म्हणायचे, भंगार वाढतंय. भंगार तेवढंच होतं. हेच गाभ्याला एकेक पायरी करून त्यात नेऊन सोडत होते.

हे असं का, याचं उत्तर कुठल्याही पुस्तकात नव्हतं. यंत्राने दर वेळी वर आणि खाली दोन्ही वाटा दाखवल्या होत्या. पण सानिका रुजू झाली तेव्हाचे जुने प्रमुख पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "गाभा खाली आणायचा नाही." का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. विषाची घागर डोक्यावर असताना ती अर्धा किलोमीटर का होईना, आपल्या दिशेने ओढायची, हे मनाला पटत नसे. हिशेबाने त्या अर्ध्या किलोमीटरने काही बिघडत नव्हतं. पण वर ढकललं की हायसं वाटायचं. आकडे तर इतके पाठ झाले होते की सानिकाने वाचायच्या आधी सोहम ते म्हणून मोकळा व्हायचा.

"टाकीत किती आहे?" तिने विचारलं.

"नेहमीच्या फुंकरी मारल्या तर चार होतील. म्हणजे एखादं वर्ष. नाहीतर आज सगळा वायू एकदम खाली उतरायला वापरायचा. तीन किलोमीटर. पट्ट्यातून बाहेर."

"आणि उद्याचा तुकडा?"

"तो खालूनच येतोय. आपण त्याची वाट ओलांडून पलीकडे जाणार. झडप नीट चालली तर चारशे मीटरवरून निघून जाईल. जुनी झडप आहे, अर्धवट उघडली तर आपण बरोबर त्याच्या पुढ्यात." सोहमने आकडा पुन्हा तपासला. "नव्वदात एक. वर ढकललं तर काहीच धोका नाही."

"उद्यापुरता."

"उद्यापुरताच म्हणतोय मी. ताई, तुमचा उद्या शेवटचा दिवस. उद्या दुपारी पहारा नव्या यंत्राच्या हवाली, मी नुसता देखरेखीला. पुढचं ते बघेल. आज ही फुंकर मारली तर पट्ट्यातून परत खाली यायला वायू पुरणार नाही हे मला कळतंय. पण ते तुमच्या वेळचं नसेल."

सोहम वाईट माणूस नव्हता. तो तिच्या भल्याचंच बोलत होता, म्हणून तर तिला जास्त थकल्यासारखं झालं. हुकूम चार वाजता पाठवायचा होता. ती जेवायला घरी आली.

इरा येऊन बसलेली होती. ओसरीवर पाय लांब करून, सुजलेल्या घोट्यांकडे बघत. सानिकाच्या दोन बॅगा तिने आधीच गाडीत टाकल्या होत्या. पिठलंभात होता. सानिकाने जेवताना सगळं सांगितलं. इराने मधे मधे विचारलं आणि तिला समजलंही. हुशार पोर, लहानपणापासून.

"म्हणजे वर ढकललंस तर उद्या आपण निघू," इरा म्हणाली. "आणि खाली ढकललंस आणि लागला तुकडा, तर?"

"तर मला जाता येणार नाही. एकेका तुकड्याचा माग काढावा लागेल. वर्ष जाईल, दोन जातील."

"नव्वदात एक."

"हो."

"मग वर ढकल आई. तेवीस वेळा ढकललंस, चोविसावी वेळ." तिने ताट बाजूला सरकवलं. "मला एवढं तरी दे. बाबांच्या वेळी मी काही मागितलं नव्हतं."

सानिकाने मान हलवली. त्याचा अर्थ हो की नाही, ते तिचं तिलाही ठरवता येईना. ती ताटं उचलून मागीलदारी गेली आणि घासायला बसली. तिला वडील आठवले. दत्ताराम गुरव. त्यांच्या भावकीत चार घरं होती आणि देवळाची पाळी एकेका घराकडे वर्षभर असायची. पाडव्याला पाळी बदलायची. शांतारामकाकांच्या पाळीत गाभाऱ्यातला दिवा कसा झगमगायचा, मोठी वात, तुपासारखं तेल, सगळा गाव वाहवा करायचा. पाडव्याला मात्र ते तेलाचा बुधला ठणठणीत कोरडा हातात द्यायचे आणि देवापुढे उभे राहून म्हणायचे, चुकलंमाकलं पदरात घे. वडील घरी येऊन करवादायचे. "चुकलंमाकलं म्हणजे काय? काय चुकलं ते नाव घेऊन सांगायला नको? पुढच्याला काय कळणार?" स्वतःची पाळी सोडताना ते बुधला भरून द्यायचे आणि सगळ्यांदेखत सांगायचे, समईला चीर गेलीय, माझ्या हातून पडली. आईला त्याची लाज वाटायची. सानिकालाही वाटायची.

ताटं घासून झाली तरी ती पाणी ओतत राहिली होती.

चार वाजता सोहमने नेहमीसारखे आकडे म्हणायला तोंड उघडलं. "थांब," सानिका म्हणाली. "आज एकेक आकडा. मी वाचल्यावर म्हण. हे पाठ नाहीयेत आपल्याला."

सोहमने तिच्याकडे पाहिलं. "खाली?"

"खाली."

"लेकीला सांगितलंत?"

"नाही अजून."

तो खुर्चीत मागे रेलला. नाही म्हणायचा त्याला हक्क होता, दुसरी किल्ली त्याच्याच हातात होती. "माझी अजून आठ वर्षं आहेत," तो शेवटी म्हणाला. "चार फुंकरींत ती निघायची नाहीत. वाचा."

तिने वाचलं. त्याने परत म्हटलं. एक आकडा त्याने सवयीने जुनाच म्हटला, तिने दुरुस्त केला, आणि दोघांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पहिला झोत चार वाजून दहा मिनिटांनी सुटला, दुसरा झोत, गाभा पृथ्वीच्या पलीकडे गेल्यावर, आपोआप. टाकीचा काटा शून्यावर आला. झडप पुरती उघडली की नाही, ते उद्या तुकडा निघून गेल्यावर नीट मोजमाप झाल्याशिवाय कळणार नव्हतं.

घरी जाऊन तिने इराला सांगितलं. इरा रडली नाही, ओरडलीही नाही. "मला माहीत होतं," एवढंच म्हणाली, आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली.

शुक्रवारी अकरा वीसला काही दिसणार नव्हतं, ऐकूही येणार नव्हतं. तुकडा मुठीएवढा, गाभा बादलीएवढा, दोन्ही सेकंदाला सात-सात किलोमीटर वेगाने धावणारे. सोहम आणि सानिका पडद्यापुढे बसून होते. अकरा वीस झाले. मग गाभा पुन्हा तबकडीच्या टप्प्यात येईपर्यंत चाळीस मिनिटं थांबायचं होतं. सोहमने दोनदा चहा केला. सानिकाने दोन्ही वेळा तो गार होऊ दिला. बाराला दोन मिनिटं कमी असताना गाभ्याला जोडलेल्या, बॅटरीवर चालणाऱ्या प्रेषकाचा बारीक सूर ऐकू आला, एकसंध, नेहमीसारखा. तीनशे ऐंशी मीटरवरून तुकडा गेला होता.

"सुटलो," सोहम म्हणाला, आणि बाहेर जाऊन माडाला टेकून उभा राहिला. परत आला तेव्हा त्याने तोंड धुतलेलं होतं.

आता राहिला होता पहारा सोपवायचा कागद. नवं यंत्र दुपारी तीनला ताबा घेणार होतं. कागदावर रकाने होते: गाभ्याची उंची, टाकीतला शिल्लक वायू, शेरा. शिल्लक वायूपुढे तिने शून्य लिहिलं. ते गोल शून्य तिला बघवेना. शेऱ्यात आजवर सगळे 'सर्व ठीक' लिहीत आले होते.

"सोहम, हे नवं यंत्र शिकलं कशावरून?"

"आपल्याच नोंदींवरून. एकोणीस वर्षांत आपण काय काय निवडलं त्यावरून. अनुभवी माणसांचे निर्णय, असं लिहिलंय त्यांच्या पत्रकात."

"म्हणजे ते काय करेल?"

सोहमने उरलेल्या गाभ्यांच्या नोंदी पडद्यावर आणल्या. वर आणखी दोन गाभे होते. पहिला नऊशे एक्कावन्नवर, तिसरा त्याच्या जरा खाली. दोघांच्या टाक्या अजून अर्ध्या भरलेल्या. यंत्राला थकवा नव्हता, कंटाळा नव्हता, पण यांची भीती त्याने चोख उचललेली होती. त्याने त्या दोघांनाही एकेक पायरी वर चढवत नेलं असतं, एकदाही न चुकता.

"शेऱ्यात लिहिलं तर चौकशी लागेल, ताई," सोहम हळूच म्हणाला. "चौकशी संपेपर्यंत तुम्हाला मुख्यालय सोडता येणार नाही. इथेच राहावं लागेल. लेक खाली गाडीपाशी उभी आहे."

"दिसतेय मला खिडकीतून."

"मग नंतर लिहा ना. नागपूरला जाऊन, पत्राने."

"तीनला ताबा घेतं ते. नंतरचं पत्र कुणी त्याला वाचून दाखवणार आहे का?" तिने पेन उचललं. "तुझं नाव घालत नाही मी."

"घाला," सोहम म्हणाला. "किल्ली मीही फिरवलीय."

तिने लिहिलं. 'चोवीसपैकी तेवीस वेळा आम्ही गाभा वर ढकलला. यंत्राने खालची वाटही दाखवली होती. वरची निवडायला कारण नव्हतं. आम्हाला खाली ढकलायची भीती वाटत होती. त्यामुळे दुसरा गाभा भंगाराच्या पट्ट्यात गेला. त्याला बाहेर काढण्यात सगळा वायू संपला. या नोंदींवरून यंत्राला शिकवू नये.' खाली सही केली. वाचून पाहिलं. चुकलंमाकलं असं कुठे आलं नव्हतं. कागद पाठवला आणि ती खुर्चीत बसून राहिली.

उत्तर दोन तासांत आलं. यंत्राला ताबा द्यायचं तूर्त थांबवलं होतं. मोंडकरांना ताकीद, आणि जोडीला रत्नागिरीहून नवा माणूस. श्रीमती गुरव यांची निवृत्ती पुढे ढकलण्यात येत आहे, चौकशी पूर्ण होईपर्यंत त्यांनी मुख्यालय सोडू नये, तसंच केंद्राच्या आवारात पाऊल ठेवू नये. चौकशीला अंदाजे चार महिने लागतील.

सानिकाने पत्र घेतलं आणि सडा उतरून घरी आली. इरा गाडीच्या दारात बसली होती. सानिकाने पत्र तिच्या हातात दिलं. तीच माणसं, तेच अंगण, तोच शब्द मोडलेला.

इराने पत्र वाचलं. परत एकदा वाचलं. "चार महिने," ती म्हणाली.

"हो."

"गाव सोडायचं नाही."

"हो ग. मला माफ नको करूस. तू नीघ आता, उजेड आहे तोवर घाट ओलांडशील. सोहमच्या भावाला गाडी चालवायला सांगते."

इरा पत्राच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून होती. "आणि सड्यावर पाऊल ठेवायचं नाही," तिने वाचलं. "म्हणजे घंटी वाजली तरी?"

"वाजली तरी. सोहम आणि तो नवा माणूस बघतील."

"चार महिने तू घरात."

"घरात. दुसरीकडे कुठे जाणार?"

इरा सावकाश उठली, एक हात कमरेवर ठेवून. गाडीच्या मागच्या बाजूला गेली आणि आईच्या दोन बॅगा ओढून बाहेर काढल्या. मग स्वतःची काढली.

"उचल ग एखादी," इरा म्हणाली. "मला वाकवत नाहीये. आणि राजापुरातली ती डॉक्टरीण अजून आहे ना, तिला फोन कर. माहेरी आलेय मी बाळंतपणाला."